६३१चं गाव कोणतं?

पाकिटातल्या खाऊबद्दल बोला, असं मला सांगण्यात आलंय आणि वेळ मोजका आहे. तेव्हा मैदा वाईट, साखर वाईट, तळलेलं वाईट, हे पाढे मी म्हणणार नाही. ते तुम्हाला पाठ आहेत. पाठ असूनही आपण सगळे खातो, मीही खाते. मला बोलायचंय ते पाकिटाच्या मागच्या बाजूबद्दल, आणि तिथेही एका आकड्याबद्दल. सहाशे एकतीस. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहूनच ठेवा.

आपल्याकडे एखादं स्थळ सांगून आलं की आपण काय करतो? फोटो बघतो, बायोडाटा वाचतो, पण तेवढ्यावर होकार कोणी कळवत नाही. एखादा मामा नाहीतर थोरला काका चौकशीला निघतो. मूळ गाव कुठलं, घरात माणसं किती, पगार खरा किती, शेजारीपाजारी काय बोलतात. बायोडाट्यात ‘स्वतःचा व्यवसाय’ लिहिलेलं असलं तर कसला, ते मामा विचारून येतो. पाकिटाची पुढची बाजू म्हणजे तो फोटो, खास स्टुडिओत जाऊन काढलेला. मागची बाजू म्हणजे बायोडाटा, तोही मुलाकडच्यांनीच लिहिलेला. आणि आपण फोटो बघूनच अक्षता टाकून मोकळे होतो! दहा रुपयांत, रोज संध्याकाळी, मुलं शाळेतून आली की.

माझ्यासमोर आत्ता एक पाकीट आहे. नाव सांगत नाही, कारण दुकानात टांगलेली बहुतेक सगळी ह्याच तोंडावळ्याची असतात. मक्याच्या कुरकुरीत कांड्या, टोमॅटोच्या चवीच्या. पुढे लालबुंद टोमॅटो आहे, त्यावर पाण्याचे थेंब. आता मागची बाजू वाचते. भिंग आणलंय मी, चष्म्याने भागत नाही. मक्याचा रवा, पाम तेल, तांदळाचं पीठ, बेसन. मग मसाला, आणि त्याच्या कंसात मीठ, साखर, कांद्याची पूड, माल्टोडेक्स्ट्रिन, आणि आता कुठे टोमॅटोची पूड. नियम असा आहे की जे वजनाने जास्त ते आधी छापायचं. म्हणजे फोटोत नवरदेव म्हणून उभा असलेला टोमॅटो प्रत्यक्षात मांडवात मागच्या खुर्चीवर बसलाय. पाम तेल मात्र दुसऱ्या नंबरावर आहे, आणि फोटोत त्याचा पत्ता नाही. त्यानंतर आकडे येतात: ३३०, २९६, ५५१, ६२७, ६३१.

हे आकडे येतात कुठून, ते समजायला ही कांडी कशी होते ते बघा. ओलसर मक्याचा रवा यंत्रात प्रचंड दाबाखाली तापवतात आणि बारीक भोकातून बाहेर ढकलतात. बाहेर येताक्षणी आतल्या पाण्याची वाफ होते आणि कांडी फुलते. त्या वेळी ती खाऊन बघितली तर फिकट, बेचव लागते. मग ती फिरत्या पिंपात पडते, तिथे तेलाचा फवारा मारतात आणि वरून भुकटी. खाऊन झाल्यावर मुलं जी बोटं चोखतात ना, ती भुकटी. सगळी चव तिच्यात असते आणि आकडेही बहुतेक तिच्यातच.

पहिला ३३०, सायट्रिक आम्ल. लिंबू आठवलं असेल, पण लिंबाशी ह्याचा काही संबंध उरलेला नाही. गेली शंभरेक वर्षं हे आम्ल कारखान्यात साखरेच्या नाहीतर मळीच्या पाण्यात बुरशी वाढवून काढतात. बुरशी कोणती? कांदा सोलताना सालीखाली काळी काजळी लागते ना हाताला, त्याच जातीची. अ‍ॅस्परजिलस नायजर. आता लगेच ‘ई’ करून रेडिओ बंद करू नका. बुरशी गाळून टाकतात, आम्ल शुद्ध करतात, पाकिटात बुरशी येत नाही. मुलाचं गाव गैरसोयीचं असलं तरी मुलगा गुणी निघू शकतो. ५५१ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. वाळूत असतं तेच, पण वेगळ्या रूपात, अगदी मऊ पूड. भुकटीच्या गाठी होऊ नयेत म्हणून घालतात. त्याचंही मला काही वाटत नाही. सॉसमध्ये ४१५ दिसतो, झँथन गम. कोबीच्या पानांच्या शिरा काळ्या पाडणारा जो जीवाणू आहे, त्याच्याकडून तो चिकट पदार्थ बनवून घेतात. आणि ४१२ तर आपली गवार, तिच्या बियांचा डिंक. म्हणजे आकडा दिसला की विष, असं समजणाऱ्यांतली मी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तसल्या याद्या फिरतात, त्या मला पाठवू नका, पुष्कळ आल्या आहेत.

तुम्हाला किळस आणायची नाहीये मला, हे एकदा स्पष्ट सांगते. किळस ही सवयीची गोष्ट. चॉकलेटच्या चकचकीत गोळ्यांवर ९०४ असतो, तो म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम ह्या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे बसतात, त्यांच्या अंगातून स्रवणारी राळ. आपण तिच्या बांगड्या घातल्या, लखोटे तिने बंद केले, पांडवांसाठी तिचं घरही बांधलं गेलं. आता ती गोळीवर चमकते. आणि गंमत बघा, २०२० साली लेबलांचे जे नवे नियम आले, त्यांत मांसाहाराच्या व्याख्येतून दूध आणि मधासारखी लाखही वगळलेली आहे. म्हणजे हिरवा ठिपका कायम. कोणाला ते पटेल, कोणाला पटणार नाही. पण निदान नियम लिहिलेला आहे, वाचता येतो.

६३१चं तसं नाही. म्हणून मी पुन्हा तिथेच येतेय.

६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट. हे स्वादवर्धक आहे. स्वतःला फारशी चव नाही, पण दुसऱ्याची चव वाढवतं, विशेषतः अजिनोमोटोसारख्या (त्यालाच एमएसजी म्हणतात) ग्लुटामेटच्या जोडीने. दोघं एकत्र आले की थोड्यात पुष्कळ काम होतं. ‘एमएसजी घातलेलं नाही’ असं पुढे ठळक छापलेलं पाकीट उलटून बघा, तिथे ६२७ आणि ६३१ ही जोडी बऱ्याचदा बसलेली सापडेल, कधी दोघं मिळून ६३५ ह्या एकाच नावाने. ह्या इनोसिनेटची चव पहिल्यांदा ओळखली ती जपानमध्ये, १९१३ साली, शिंतारो कोदामा ह्या संशोधकाने. आणि कशात, तर वाळवलेल्या बोनिटो माशात. म्हणजे घराणं मूळचं मासळीचं. आजही ते माशांपासून किंवा मांसापासून काढता येतं. आणि टॅपिओकाच्या पिठापासूनही, आंबवून, तयार करता येतं. टॅपिओका म्हणजे कोण? ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो.

नीट ऐका हं, इथेच ऐकणाऱ्याचं लक्ष सुटतं. एकच आकडा, एकच रासायनिक पदार्थ, आणि त्याची गावं दोन. एक गाव मासळीबाजारातलं आणि दुसरं एकादशीच्या खिचडीतलं! पाकिटावर दोन्ही वेळा छापलेलं असतं ६३१. नाव कळतं, गाव कळत नाही.

आमच्या शेजारच्या काकू माळकरी आहेत. अंडं घातलेला केकसुद्धा घरात येऊ देत नाहीत, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. संध्याकाळी नातवाच्या पाकिटातल्या चार कांड्या त्याही तोंडात टाकतात, ‘मक्याच्या तर आहेत’ म्हणून. कांद्याची पूड मी त्यांना दाखवली, छापलेलीच होती, त्यांनी पाकीट बाजूला ठेवलं. मग त्यांनी ६३१वर बोट ठेवून विचारलं, ‘आणि हे गं?’ मी इतकी वर्षं अन्नरसायन शिकवलं, पण त्या बोटाखालच्या आकड्याचं उत्तर पाकीट वाचून मला देता येईना. कोणालाच येणार नाही. हिरवा ठिपका आहे, म्हणजे साबुदाण्याकडचं असावं, एवढंच म्हणता येतं. ठिपका कोण छापतो? बनवणाराच. मुलाकडच्यांनीच सांगितलेलं, ‘मुलगा निर्व्यसनी आहे हो’. असेलही! बहुतेक असतोच. पण म्हणून मामाने घरी बसायचं का?

हे माझं एकटीचं खूळ नाही. एका गोरक्षा संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात नेमकी हीच तक्रार नेली होती, आणि न्यायालयाने ९ डिसेंबर २०२१ च्या आदेशात हेच ६३१ उदाहरण म्हणून घेतलं. नूडल्समध्ये, बटाट्याच्या वेफर्समध्ये हा पदार्थ असतो, तो प्राण्यांपासूनही मिळतो, आणि नुसता आकडा छापला तर खाणाऱ्याला काय कळणार? न्यायालय म्हणालं की प्रत्येक घटक नुसत्या सांकेतिक क्रमांकाने नको, तो वनस्पतीपासून आला, प्राण्यापासून आला की प्रयोगशाळेत तयार झाला, तेही सांगा. प्रमाण किती अत्यल्प आहे, हा मुद्दा गौण. आपण काय खातोय हे कळण्याचा हक्क त्यांनी घटनेच्या २१ आणि २५ ह्या कलमांशी जोडला. ह्याला आता काही वर्षं झाली. माझ्यासमोरच्या पाकिटावर ६३१ आहे. पुढे काहीही नाही.

मासे खाणाऱ्यांना ह्याच्याशी काय देणंघेणं, असं मालवणचे-रत्नागिरीचे श्रोते म्हणत असतील. मी स्वतः बांगडा खाते. पण मी खाते तो टोपलीत बघून, कल्ला उघडून, कोळणीशी घासाघीस करून. तिला विचारलं की ती सांगते कुठली होडी, आजचा की कालचा. खोटंही बोलते कधीकधी, पण निदान तिला विचारता येतं! आणि ज्याला माशाची अ‍ॅलर्जी आहे, त्याने काय करायचं? ज्याच्या धर्मात अमुक प्राणी चालत नाही, त्याने? एकट्या शाकाहारी माणसाचा हा प्रश्न नाही, पण आपल्याकडे तो तिथेच अडकून पडतो आणि मग वाद भलतीकडे जातो.

विचारल्याने फरक पडतो, ह्याचं एक उदाहरण देते. निवडुंगावर वाढणारा एक किडा आहे, कोचिनिअल. मुख्यतः पेरू देशात वाढवतात, वाळवतात आणि त्यापासून सुंदर किरमिजी रंग काढतात. आकडा १२०. एक किलो रंगाला लाख-दीड लाख किडे लागतात. अमेरिकेत हा रंग बरीच वर्षं वेगळं नाव न छापता खपत होता. काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी येते असं दिसल्यावर २०११ पासून तिथे नाव छापणं सक्तीचं झालं. आणि २०१२ साली स्टारबक्सच्या स्ट्रॉबेरीच्या पेयात हा किडा आहे असं कळल्यावर शाकाहारी गिऱ्हाइकांनी इतका गलका केला की कंपनीने तो रंग काढून टोमॅटोपासूनचा रंग वापरायचं जाहीर केलं. किडा विषारी नव्हता. लोकांनी फक्त विचारलं, हा आला कुठून?

पावाच्या मैद्यात कधीकधी ९२० असतो, एल-सिस्टीन. पीठ सैल, मऊ पडावं म्हणून. हा बदकांच्या पिसांपासून निघतो, केसांपासूनही निघतो, हल्ली आंबवूनही करतात. युरोपात माणसाच्या केसांपासूनचा चालत नाही, तसा नियमच आहे. म्हणजे इथेही तेच झालं की नाही? आकडा एक, गावं तीन. सगळीकडे हीच तऱ्हा आहे. ४७१ घ्या, आइस्क्रीम, बिस्किटं, केक सगळ्यांत असतो. तो चरबीपासून करतात, आणि ती वनस्पतीचीही असू शकते, प्राण्याचीही. त्यापेक्षा जिलेटीन प्रामाणिक म्हणायचं. हाडं आणि कातडी उकळून करतात, ऐकायला सगळ्यात वाईट, पण नाव उघड छापतात आणि शेजारी तपकिरी खूण असते. ज्याला नको तो घेत नाही, विषय संपला.

काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवतायत, म्हणजे दोन मिनिटं. पाम तेलावर मला बोलायचं होतं, खरं तर तब्येतीला त्रास देणारं तेच, आणि मीठ. ते दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर उघड बसलेलं असतं आणि आपण आकड्यांना घाबरत राहतो... असू दे, ते पुन्हा कधीतरी. कामाचं सांगते. प्रत्येक पाकिटावर ग्राहक सेवेचा पत्ता, ईमेल, फोन छापलेला असतोच, तो त्यांना द्यावाच लागतो. पुढच्या वेळी पाकीट फेकण्याआधी एक ओळ लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल. ‘तुमच्या अमुक खाऊत ६३१ आहे, तो कशापासून तयार केलेला आहे, कृपया लेखी कळवावे.’ एवढंच. खाली नाव, गाव, पिनकोड. आपलं गाव लिहायला विसरू नका! रागाने लिहू नका, फोनवरच्या मुलीवर ओरडू नका, तिचा काही दोष नसतो आणि तिला उत्तरही माहीत नसतं. ती ‘वरिष्ठांना विचारून सांगते’ म्हणेल. म्हणू दे. आठ दिवसांनी पुन्हा विचारा. शाळेत शिकवणाऱ्यांनी तर हे मुलांकडून करवून घ्यावं. दहावीच्या वर्गात रिकामी पाकिटं गोळा करायला वेळ लागत नाही, डब्यासोबत रोज येतातच. उत्तर आलं की वर्गात वाचून दाखवा, नाही आलं तर तेही फळ्यावर लिहा.

आणि १५०बद्दल सांगायचं राहिलं. तो कारमेलचा रंग, त्याच्यापुढे अ, ब, क, ड असतं, आणि ड ज्या पद्धतीने करतात त्यात अमोनिया आणि सल्फाइट... नाही, संपली वेळ. ६३१ लिहून घेतलंत ना? नमस्कार.