शिवणीतली माया

(सोलापुरातील महिलांच्या एका शिवणवर्गाच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



निमंत्रण देताना आयोजकांनी मला ‘महिला सक्षमीकरण’ हा विषय सुचविला होता. त्यांची क्षमा मागून मी तो बाजूला ठेवणार आहे. त्या विषयावरची भाषणे मी तीस वर्षे वार्ताहर म्हणून लिहून घेत आलो. त्यात आणखी एकाची भर कशाला? आज मला घरी शिवलेल्या कपड्यांविषयी बोलायचे आहे. सुईत दोरा ओवण्यापलीकडे या विद्येतले मला काही येत नाही, हे प्रारंभीच कबूल करतो. सहा महिने मशीनवर पाय चालविलेल्या तुमच्यापुढे बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. माझी आई शिवत असे आणि तिच्या मशीनच्या आवाजात मी अभ्यास केला, एवढ्याच भांडवलावर उभा आहे.

शिवणकामात एक शब्द आहे, ‘माया’. तुम्हाला तो पहिल्याच आठवड्यात शिकविला असेल. सभागृहात बसलेल्या पुरुषमंडळींसाठी सांगतो. शिवण घालताना कडेला जे जादा कापड आत सोडतात, त्याला माया म्हणतात. मूल वाढते, माणूस अंगाने भरतो. मग जुनी शिवण उसवायची, आतली माया बाहेर घ्यायची आणि नव्याने टीप मारायची. कपडा आणखी दोन वर्षे अंगी लागतो. इंग्रजीत याला शिवणीसाठी दिलेली सूट अशा अर्थाचा हिशेबी शब्द आहे. आपल्याकडे ज्या कुणी हा शब्द रूढ केला, त्याला किंवा तिला हिशेब कळत नव्हता असे नाही. पण तो हिशेब कुणासाठी मांडायचा, हेही कळत होते. वेदान्तातली माया सोडावी असे सांगतात. शिवणीतली मात्र ठेवावी लागते.

दुकानातून आणलेला एखादा सदरा घरी गेल्यावर उलटा करून पाहा. कडा यंत्राने कापून, दोऱ्याने गुंडाळून टाकलेल्या असतात. आत माया म्हणून उरते ती फार तर अर्धा इंच. यात कारखानदाराचा दुष्टपणा नाही. एका नगामागे दहा सेंटीमीटर कापड वाचले, तर हजार नगांमागे शंभर मीटर वाचते. हा व्यवहार आहे आणि त्यावर आपल्या शहरातील हजारो कुटुंबांची चूल पेटते. परंतु व्यवहाराने शिवलेला कपडा आज जेवढे अंग आहे तेवढ्याच मापाचा असतो. उद्याचे अंग त्याला ठाऊक नसते. ‘वाढत्या अंगाचे’ कपडे हा शब्दप्रयोग तुमच्या-माझ्या आयांनी केला, तो याच उद्याच्या अंगासाठी. त्या लांब बाह्यांवरून शाळेत आपण चेष्टाही पुष्कळ सोसली.

घरच्या शिवणाची खरी पाठशाळा म्हणजे बाळंतविडा. झबली, टोपडी, अंगडे, लंगोट, दुपटे आणि कुंची. लेकीला दिवस गेले की आजी जुनी लुगडी काढून बसत असे. तान्ह्या बाळाला पहिले वस्त्र जुन्याचे, हा आपला परिपाठ. काहींना तो दारिद्र्याचा पुरावा वाटतो. मला त्यात शहाणपण दिसते. नव्या कापडात खळ असते, ते कडक असते आणि नाजूक कातडीला टोचते. शेकडो वेळा धुतलेले सुती लुगडे सायीसारखे मऊ झालेले असते. झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची, म्हणजे ती बाळाला रुतत नाही. बटण लावायचे नाही, बंद लावायचे. बाळसे धरले की गाठ थोडी सैल बांधायची. ही सारी विद्या कुठल्या पुस्तकातून आलेली नाही. ती सासू-सुनांच्या मांडीवर वाढली आणि एका पिढीने हात आखडता घेतला की संपणारी आहे.

दुपट्याची थोरली बहीण गोधडी, आपल्या भागातली वाकळ. आजीची नऊवारी, आजोबांचे धोतर, आत्याचा परकर, एकावर एक अंथरायचे आणि कडेपासून आत येत धावदोऱ्याने शिवत जायचे. शेवटचा कोपरा मिटवण्यापूर्वी माझी आजी आत हळद-कुंकवाची चिमूट टाकीत असे. तिला कारण विचारले तर म्हणायची, “रिकाम्या पोटी कुणाला पाठवू नये.” ती गोधडी पांघरून आम्ही भावंडे त्यातले तुकडे ओळखण्याचा खेळ खेळत असू. हा आजोबांचा, हा काकूच्या लग्नातला. घराण्याचा इतिहास मी प्रथम वाचला तो असा, पांघरुणावर.

आपले सोलापूर तर कापडाचे गाव. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे गिरण्यांच्या भोंग्यावर शहराचे घड्याळ चालू लागले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात घराघरांत माग उभे केले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पहिली गिरणी तर १९६०च्या दशकातच थांबली. परंतु शिवण थांबली नाही. आज शालेय गणवेश शिवणारे शहर म्हणून आपली ओळख आहे आणि २०१७ साली गणवेश उत्पादकांचे मोठे प्रदर्शनही येथे भरले होते. इथल्या मायबहिणींनी काज-बटण केलेले गणवेश परप्रांतांतली मुले घालतात.

मग मघाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जगाच्या मुलांसाठी शिवणारी ही बाई स्वतःच्या मुलासाठी शिवते का? काही वर्षांपूर्वी एका लेखासाठी मी पूर्व भागातल्या वस्त्यांमधून हिंडत होतो. नगावर काम करणाऱ्या एका भगिनीच्या घरी गेलो. तिची लहानगी बाजारातला झिरमिळ्यांचा फ्रॉक घालून दारात उभी. मी आगाऊपणे विचारले, “हिचा फ्रॉक तुम्ही नाही शिवला?” ती हसली नाही. म्हणाली, “दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचं शिवते. संध्याकाळी मशीन बघितलं तरी पाठ दुखते.” त्या उत्तरानंतर ‘घरच्या शिवणाचा गोडवा’ असल्या मथळ्याचा लेख मला लिहिता आला नाही. ज्या कामाला दाम नीट मिळत नाही, त्याच कामाचे मायेने कौतुक करणे पुरुषांना फार सोपे जाते.

हे मला घरीच कळायला हवे होते. वडील गिरणीत होते. गिरणीचे दिवस फिरले, पगार महिनोन्महिने थकू लागला, तेव्हा आईने परकर-पोलकी शिवायला घेतली. तोवर तिचे पायमशीन फक्त आमच्यासाठी चाले. दिवाळीला एकाच ताग्यातले कापड आणून आम्हा तिघा भावंडांना सारखे सदरे-फ्रॉक होत आणि गल्लीतली मुले आम्हाला बँडपथक म्हणत. दुसऱ्यांचे काम सुरू झाल्यावर आमचे कपडे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीपर्यंत कापडाच्या घडीतच राहू लागले. पहाटे जागा झालो तर ती कंदिलाजवळ तुरपण करीत बसलेली. वीज गेलेली असायची, आणि तिची बोटे सवयीने चालत असत.

महाविद्यालयात गेलो आणि मला त्या सदऱ्यांची लाज वाटू लागली. कॉलर घरगुती दिसते, खिसा जरा वर गेला आहे, असली खुसपटे मी काढत असे. पुढे वृत्तपत्रात नोकरी लागली. पहिल्या दिवसासाठी तिने पांढरा सदरा शिवून ठेवला होता. मी तो घातला नाही. मित्राकडून उसने पैसे घेऊन तयार सदरा आणला होता. आई काही बोलली नाही. तिने आपला सदरा घडी करून ट्रंकेत ठेवला.

ती गेल्यावर ट्रंक उघडली, तेव्हा तो निघाला. मी उलटा करून पाहिला. दोन्ही बगलांत दीड-दीड इंच माया सोडलेली. तेव्हा मी काडीपैलवान होतो. पण माझा बाप आणि चुलते चाळिशीनंतर कसे सुटले, हे तिने पाहिले होते. ती मला आजच्या मापाने पाहून गेली होती. शिंप्याकडे घेऊन गेलो की एवढी उसवून दे. त्याने कापड बोटांत धरून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, घडीवर विरलंय. टीप धरणार नाही.” सदरा परत घेऊन आलो.

असो. विषय जड झाला. आपल्या गड्ड्याच्या यात्रेकडे वळू. मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते आणि पांढऱ्या बाराबंदीतल्या भक्तांनी रस्ते फुलून जातात. ही बाराबंदी कधी शिवणीच्या नजरेने पाहिली आहे? तिला बटण नाही. बंद आहेत. म्हणजे तान्ह्याचे झबले आणि नंदीध्वज पेलणाऱ्या गड्याची बाराबंदी यांची रीत एकच; गाठ सैल करा आणि वर्षानुवर्षे वापरा. माझ्या वडिलांची बाराबंदी माझ्या धाकट्या भावाने घातली आणि आता त्याचा मुलगा घालतो. बाह्यांना एकदा जोड दिला आहे, एवढेच. त्याच दिवसांत बोरनहाणासाठी काळे झबलेही घरोघर लागते. खडीच्या ठिपक्यांचे काळे कापड आणून एका दुपारी ते शिवून होते. वर हलव्याचे दागिने. वर्गात नव्याने शिकलेल्यांनी सुरुवात करायला याहून सोपा कपडा नाही.

आणि हे काम बायकांचेच, असेही कुणी समजू नये. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. महाद्वारातल्या पायरीशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते संत नामदेव शिंपी कुळातले. गज, कातर, सुई-दोरा ही त्यांच्या वाणीतली रूपके आहेत. ती वाणी पंजाबात पोहोचली आणि तिला गुरु ग्रंथसाहेबात स्थान मिळाले. माझ्या घरात मात्र मुलांना सुई हातात कुणी दिली नाही आणि मीही मागितली नाही. २०२०च्या टाळेबंदीत मास्क मिळेनात, तेव्हा घरोघरी धूळ खाणारी मशीने बाहेर निघाली. बचतगटांच्या भगिनींनी रात्रंदिवस मास्क शिवले. आईचे मशीन मीही पुसून ठेवले होते. पण बॉबिन भरायला आले नाही. शेजारच्या वहिनींनी येऊन माझ्यासमोर वीस मास्क शिवले आणि मी बातमी लिहिली.

तुम्हाला आज प्रमाणपत्रे मिळतील. त्यावर काम मिळवा, आणि मजुरी ठरवताना संकोच करू नका; ब्लाऊजची शिलाई सांगताना आवाज खाली जातो, तो जाऊ देऊ नका. घरचे शिवायला वेळ मिळाला तर शिवा, नाही मिळाला तर त्याचे ओझे मनावर घेऊ नका. घरातल्या मुलाला निदान बटण लावायला शिकवा.

आता माझे एक काम आहे आणि त्यासाठीच खरे तर मी हे निमंत्रण स्वीकारले. माझी मुलगी पुण्यात असते. तिला सातवा महिना आहे. परवा तिने दूरध्वनीवर विचारले, “बाबा, आजीसारखी कुंची कोण शिवून देईल?” दुकानात टोप्या मिळतात, पाठ झाकणारी, मागे चुण्या घेतलेली, हनुवटीखाली बंद बांधायची खणाची कुंची तिला पाहिजे. तिच्या बारशातली आईने शिवलेली कुंची या पिशवीत आहे. खण उसवत चालला आहे, पण चुण्या शाबूत आहेत. ती उसवून कागदावर माप उतरवून देईल अशी कुणी भगिनी येथे असेल, तर कार्यक्रम संपल्यावर कृपया थांबावे. नवा खण मी आणला आहे. शिलाई किती होईल, ते आधी सांगावे. आणि उसवलेले तुकडे मात्र मला परत हवेत.