मॉर्मन ग्रंथ आणि पवित्र शास्त्र : विरोध कोठे आणि कितपत?
(महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीची आम्हांस विनंती होती ती आपल्या मंदिराच्या इतिहासावर बोलण्याची; परंतु तो इतिहास आमच्याहून आपल्यातील वृद्ध मंडळीस अधिक ठाऊक आहे, आणि ह्याच पुस्तिकेत तो अन्यत्र आलेलाही आहे. आम्ही निराळा विषय घेतला, त्याचे कारण सांगतो. आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ मुलेमुली उदरनिर्वाहार्थ परदेशी गेली आहेत. त्यांपैकी अमेरिकेत असलेल्या एकाने आपल्या मातेस कळविले की, तेथील मॉर्मन पंथाच्या एका मुलीशी विवाह करावा असे त्याच्या मनात आहे; तिचे लोक सुशील व निर्व्यसनी असून नित्य शास्त्र वाचतात, आणि त्यांनी त्यास आपला एक ग्रंथही वाचावयास दिला आहे. ती माउली पत्र घेऊन आम्हांकडे आली व म्हणाली, "फादर, तेही येशूचेच नाव घेतात ना? मग अडचण ती कोणती?" एका वाक्यात उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. तिच्या अनुमतीने तोच प्रश्न आज आपणांपुढे मांडीत आहोत.

प्रथम हा पंथ कोणता ते थोडक्यात पाहू. त्याचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा १८०५ साली अमेरिकेतील व्हर्मॉंट प्रांतात जन्मला. मोरोनी नावाच्या दूताने दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरील लेख आपण ईश्वरी शक्तीने इंग्रजीत उतरविला, असे त्याने सांगितले. आणि हा 'मॉर्मनचा ग्रंथ' १८३० साली न्यूयॉर्क प्रांतातील पाल्मायरा येथे छापून निघाला. येशूच्या पूर्वी यरुशलेमहून निघून अमेरिकेत गेलेल्या एका कुळाची ही कथा असून, पुनरुत्थित प्रभूने तेथील लोकांस दर्शन दिले असे तीत म्हटले आहे. त्याच वर्षी मंडळी स्थापन झाली. १८४४ साली इलिनॉय प्रांतातील कार्थेज येथील तुरुंगात जमावाने स्मिथ ह्याचा वध केला, आणि १८४७ मध्ये ब्रिगम यंग ह्याच्या नेतृत्वाखाली त्याचे बहुसंख्य अनुयायी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जाऊन राहिले. आज त्यांची संख्या त्यांच्याच गणनेप्रमाणे १ कोटी ७० लाखांहून अधिक आहे. बायबल, मॉर्मनचा ग्रंथ, 'सिद्धांत आणि करार' व 'अमूल्य मोती' असे चार ग्रंथ ते शास्त्र म्हणून मानतात. मात्र बायबल जेथवर यथार्थ भाषांतरित झाले आहे तेथवरच, अशी पुस्ती ते जोडतात. ते मद्य, तंबाखू, चहा व कॉफी वर्ज्य मानतात. पैकी पहिल्या वस्तूविषयी आपल्या लग्नमांडवांनी त्यांजकडून धडा घेतल्यास आम्हांस आनंदच होईल.

आता मुख्य प्रश्न. त्यांचे ग्रंथ बायबलशी, अथवा आपापसांत, विसंगत आहेत काय? ह्या वादात उतरणारे पुष्कळ लोक दोन तराजू वापरतात. परक्याच्या ग्रंथास सोनाराचा काटा, आणि आपल्या ग्रंथास लाकडाच्या वखारीतला. तसे करणे आम्हांस मान्य नाही. आपल्या पवित्र शास्त्रातही विसंगत दिसणारी स्थळे आहेत, आणि ती आम्ही आपणांपासून लपवू इच्छीत नाही. मत्तयाने दिलेली येशूची वंशावळ लूकने दिलेल्या वंशावळीशी जुळत नाही. यहूदाने गळफास घेतला असे मत्तय म्हणतो. तो पडून त्याचे पोट फुटले असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. दाविदाने प्रजेची गणना केली, तीत शमुवेलाच्या ग्रंथाप्रमाणे इस्राएलचे योद्धे ८ लक्ष भरले, तर इतिहासाच्या ग्रंथाप्रमाणे ११ लक्ष. शिवाय त्या गणनेची प्रेरणा एका ठिकाणी परमेश्वराची म्हटली आहे, दुसऱ्या ठिकाणी सैतानाची.

ख्रिस्तसभेने हे सर्व वाचले आणि तसेच ठेविले. दुसऱ्या शतकात तातियान नामक विद्वानाने चारही शुभवर्तमाने एकत्र गुंफून एकच सलग कथा तयार केली, आणि सिरियातील मंडळ्यांत ती दीर्घकाळ वाचलीही जात असे. परंतु शेवटी चार भिन्न शुभवर्तमानेच राहिली. पवित्र आत्म्याने मानवी लेखकांस लेखणीप्रमाणे केवळ हाताळले, असे आपण मानीत नाही. त्यांची स्मृती, त्यांची भाषा, त्यांचा काळ ह्यांसह त्यांचा उपयोग केला असे मानतो. देवाने आपल्या तारणार्थ जे सत्य लिहून ठेवावे असे इच्छिले ते शास्त्र निश्चितपणे शिकविते, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. योद्ध्यांची संख्या हा तारणाचा विषय नव्हे.

हाच तराजू मॉर्मन ग्रंथांस लाविला असता, त्यांजवर नेहमी घेतले जाणारे काही आक्षेप अगदी हलके ठरतात. येशू यरुशलेम येथे जन्मेल असे 'आल्मा' ह्या भागात म्हटले आहे, आणि बेथलेहेम तर लहान मुलासही ठाऊक! परंतु तेथे यरुशलेम हे प्रदेशाचे नाव आहे, असे त्यांचे उत्तर आहे. वसईचा मनुष्य परमुलखात "मी मुंबईचा" असे सांगतो, त्यास आपण खोटा म्हणत नाही. प्रकटीकरणाच्या अंती ह्या ग्रंथात भर घालू नये अशी ताकीद आहे, तीही त्यांजवर फेकली जाते. पण तशीच ताकीद मोशेच्या अनुवाद ग्रंथातही आहे, आणि त्यानंतर संदेष्टे झाले, शुभवर्तमाने झाली. असल्या दगडांनी खेळू नये; ते उलट येऊन लागतात.

मात्र एक स्थळ आम्हांस अधिक विचारार्ह वाटते, कारण ते आपल्या नित्याच्या प्रार्थनेचे आहे. प्रभूने अमेरिकेत डोंगरावरील प्रवचन पुन्हा केले असे मॉर्मन ग्रंथात आहे, आणि तेथे प्रभूची प्रार्थनाही आहे. तीत देवाच्या राज्याच्या आगमनाची विनंती नाही, रोजच्या भाकरीचीही नाही. परंतु अंती राज्य, सामर्थ्य व गौरव देवाचेच आहे अशा अर्थाची स्तुती आहे. आपल्यातील वडीलधाऱ्यांस आठवत असेल, लहानपणी आपले प्रोटेस्टंट शेजारी प्रार्थनेच्या शेवटी ही स्तुती जोडीत, आपण जोडीत नसू. नव्या मिस्साग्रंथाप्रमाणे आता मिस्सात धर्मगुरूच्या मधल्या प्रार्थनेनंतर आपणही ती म्हणतो. ही स्तुती फार जुनी आहे. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांच्या 'डिडाखे' नामक पुस्तिकेत तिचे एक रूप सापडते. परंतु मत्तयाच्या अतिप्राचीन हस्तलिखितांत, जसे व्हॅटिकन ग्रंथालयातील चौथ्या शतकाच्या प्रतीत, ती नाही. संत जेरोमच्या लतीन भाषांतरातही नाही. पुढील ग्रीक प्रतींतून ती छापील ग्रीक पाठात आली, आणि तेथून १६११ च्या इंग्रजी राजमान्य भाषांतरात. मॉर्मन ग्रंथातील हे प्रवचन बव्हंशी त्याच भाषांतराच्या शब्दांत आहे. एके ठिकाणी इंग्रजी नाण्याचे नाव काढून निराळ्या नाण्याचे घातले आहे इतकेच. यशयाचे जे अनेक अध्याय त्यात आहेत त्यांचीही भाषा बहुतेक तीच. पुढे स्मिथ ह्याने बायबलचे संशोधन केले तेव्हा परीक्षेसंबंधीची विनंती बदलून, आम्हांस परीक्षेत नेले जाऊ देऊ नकोस अशा अर्थाची केली. पण आपल्याच सुवर्णपत्रांच्या ग्रंथातील त्याच विनंतीत तसा बदल केला नाही. मत्तय व लूक ह्यांच्या प्रार्थनांतही अंतर आहे, हे खरे. पण त्या दोन माणसांच्या लेखण्या होत. येथे दोन्ही पाठ एकाच पुरुषाच्या मुखातून, ईश्वरी प्रेरणेचा दावा करून आले आहेत.

ह्याहून मोठी गोष्ट देवाविषयीची. मॉर्मनचा ग्रंथ वाचणारा कॅथलिक मनुष्य आरंभी चकितच होईल, कारण तो ग्रंथ देव एकच आहे असे वारंवार सांगतो. एकाहून अधिक देव आहेत काय, ह्या प्रश्नास त्यातील अमुलेक स्पष्ट नकार देतो. आणि ग्रंथाच्या आरंभी तीन साक्षीदारांचे जे निवेदन छापतात त्यात पिता, पुत्र व पवित्र आत्मा हा एक देव म्हटला आहे. १८३० च्या पहिल्या आवृत्तीत तर नेफीच्या दृष्टांतातील कुमारीस 'देवाची माता' म्हटले होते! इ. स. ४३१ मध्ये एफेसच्या परिषदेने जे नाम मान्य केले, जे आपण रोज जपमाळेत घेतो, तेच. परंतु १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तेथे 'देवाच्या पुत्राची माता' असा पाठ झाला. त्यांचे पंडित म्हणतात की हा केवळ खुलासा होय, आणि स्वतः स्मिथनेच तो केला. आम्ही त्यांचा हेतू तपासत नाही; पण प्रवाह कोणत्या दिशेने वाहू लागला ते पाहा. 'अमूल्य मोती' ह्या एकाच संग्रहात उत्पत्तीची कथा दोनदा आहे. १८३० सालच्या मोशेच्या भागात एक देव सृष्टी करितो. १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अब्राहामाच्या भागात तीच कृती 'देव' अनेकवचनी करितात. १८४३ च्या एका उपदेशात, जो आता 'सिद्धांत आणि करार' ह्यात आहे, पित्यास मांसास्थींचे शरीर आहे असे सांगितले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तर प्रभू शोमरोनी स्त्रीस सांगतो की देव आत्मा आहे. पौलाने अनेक देवांचा उल्लेख केला आहे ना, असे ते विचारतात. केला आहे, पण लगेच पुढच्या वचनात, आपल्याला तर एकच देव पिता, असेही म्हटले आहे.

बहुपत्नीत्वाचा प्रश्न आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण त्यात लोकांस सत्यापेक्षा चवीची गोडी अधिक असते. मॉर्मन ग्रंथातील याकोब, दावीद व शलमोन ह्यांच्या पुष्कळ बायकांस अमंगळ म्हणतो. १८४३ मध्ये लिहिलेले प्रकटीकरण म्हणते की त्या देवाने दिल्या होत्या, आणि उरीयाच्या पत्नीच्या प्रकरणाखेरीज दाविदाकडे दोष नव्हता. येथे विरोध उघड आहे. परंतु तोच ताण आपल्याही जुन्या करारात आहे: राजाने पुष्कळ बायका करू नयेत असे मोशेचे नियमशास्त्र सांगते, आणि नाथान संदेष्टा दाविदास म्हणतो की तुझ्या धन्याच्या स्त्रिया देवानेच तुला दिल्या. आपण ह्याचा उलगडा कसा करितो? मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रभू आपणांस आरंभाकडे, एक पुरुष व एक स्त्री ह्यांकडे नेतो म्हणून. त्यांच्या मंडळीने १८९० साली नवे बहुविवाह थांबविण्याचे जाहीर केले.  ते का, ह्याचे उत्तर तत्कालीन अध्यक्षाच्या घोषणेत आहे.

आणि येथेच ह्या विषयाची खरी गाठ आहे. सुबुद्ध मॉर्मन मनुष्यास ही सर्व स्थळे दाखविली तर तो गडबडून जात नाही. देव आजही बोलतो, नंतरचा संदेष्टा पूर्वीच्यास पूर्ण करितो, मग विसंगती कसली, असे तो शांतपणे म्हणेल. युक्तिवाद दुबळा नाही. आपणही म्हणतो की ख्रिस्तसभेची समज कालौघात वाढते. पण बीजातून झाड वाढणे निराळे आणि आंब्याच्या झाडास फणस लागणे निराळे. निकेया परिषदेने ३२५ साली जे सांगितले त्याने प्रेषितांचा एक देव दोन झाला नाही. तेथे मात्र १८३० चा एक देव १८४२ मध्ये अनेक झाला, आणि आत्मा असलेला पिता शरीरधारी झाला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी म्हटले आहे की देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला, ह्या अंतिम काळी पुत्राच्या द्वारे. पुत्रानंतर सांगावयाचे राहिलेले असे काय उरते, हा प्रश्न त्या मुलाने त्या सज्जन कुटुंबास अवश्य विचारावा; मात्र सौम्यपणे, कारण त्यांची भक्ती खोटी नाही.

ह्यावरून आमच्या त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. होय, ते येशूचे नाव घेतात, आणि स्नानसंस्काराच्या वेळी पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे शब्दही उच्चारतात. परंतु त्या शब्दांनी ते एक देव समजत नाहीत. तीन निरनिराळ्या व्यक्ती, केवळ संकल्पाने एक, असे समजतात. ह्याच कारणास्तव रोम येथील श्रद्धासिद्धांत मंडळाने ५ जून २००१ रोजी, पोप दुसरे जॉन पॉल ह्यांच्या संमतीने, त्यांचा स्नानसंस्कार ग्राह्य नाही असा निर्णय दिला. तेही आपला ग्राह्य मानीत नाहीत. उलट पूर्वजांच्या नावे मृतांचा बाप्तिस्मा करण्याची त्यांची चाल आहे, आणि त्यासाठी ते जगभरच्या वंशावळी जमवितात. म्हणूनच २००८ साली रोमहून धर्मप्रांतांस सूचना आली की धर्मग्रामांच्या नोंदवह्या त्यांस नक्कल करण्यासाठी देऊ नयेत. आपल्या सेक्रिस्टीतील कपाटात ज्या जुन्या वह्या आहेत, त्यांतील आजोबा-पणजोबांचा स्नानसंस्कार एकदा झाला आहे, तो पुरेसा आहे.

आता व्यवहाराचे. असा विवाह अशक्य नाही. तो दोन स्नानसंस्कारितांचा विवाह मात्र धरला जात नाही. यास्तव बिशप महोदयांची विशेष अनुज्ञा लागते, आणि ती नसेल तर विवाह ग्राह्यच होत नाही. मुलाने आपला विश्वास न सोडण्याचे आणि मुलांस कॅथलिक स्नानसंस्कार व संगोपन मिळावे म्हणून शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यावे लागते, आणि ह्या वचनाची मुलीस पूर्वकल्पना द्यावी लागते. मुलाचा स्नानसंस्काराचा दाखला आपल्या वहीतून आम्हीच काढून देऊ. बाकीचे कागद तो राहतो तेथील धर्मगुरूंकडून करून घ्यावे. ज्यांच्या घरी असा प्रसंग असेल त्यांनी सभागृह ठरविण्यापूर्वी आणि पत्रिका छापण्यापूर्वी आम्हांकडे यावे. आम्ही सायंकाळच्या मिस्सानंतर कार्यालयात असतो.