चाकामागचे अस्तर

दसऱ्याच्या सकाळी घरोघरच्या मोटारी धुऊन पुसून उभ्या केल्या जातात. पुढील जाळीला झेंडूची माळ चढते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, काचा लखलखीत होतात. परंतु गाडीचा एक भाग असा आहे की, वर्षभर मार खाऊनही त्या दिवशी त्याच्याकडे कोणी वाकून पाहत नाही. चाकावर जी कमान असते, तिच्या आतील अंगास बसविलेले काळ्या प्लास्टिकचे अस्तर हा तो भाग होय. कारखान्यात त्यास फेंडर लायनर म्हणतात. कोटाचे कापड लोक पाहतात, घाम मात्र अस्तर सोसते. त्यातलाच हा प्रकार आहे.

फिरते चाक पाणी, चिखल आणि खडी जोराने वर फेकते. मध्ये हे अस्तर नसते, तर तो सारा मारा सरळ पत्र्यावर, दिव्यांच्या तारांवर आणि पुष्कळ गाड्यांत तेथेच बसविलेल्या काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीवर झाला असता. काही गाड्यांत हे अस्तर नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचे असते. परंतु बहुतेक ठिकाणी ते पॉलिप्रॉपिलीन अथवा तत्सम प्लास्टिकचे असते. इटलीतील मिलान येथील रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नत्ता यांनी १९५४ साली या पदार्थाची नियमित रचना साधली, आणि १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना व जर्मनीचे कार्ल त्सिग्लर यांना मिळून देण्यात आले. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असते, वाकविले तरी सहसा तुटत नाही आणि आम्ल वा क्षार यांना फारसे दाद देत नाही. चाकामागच्या जागेस याहून सोयीचा पदार्थ शोधून सापडणे कठीण.

असा चिवट पदार्थही चारसहा वर्षांत करडा, पांढुरका व खरखरीत दिसू लागतो. उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात. म्हणूनच कारखान्यात त्यात काजळी मिसळलेली असते. परंतु कमानीच्या आत ऊन थोडे आणि खडी फार. खडीने पृष्ठभागावर असंख्य बारीक ओरखडे पडतात व त्यांत धूळ बसते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्लास्टिकचा काळा रंग पुष्कळदा गेलेला नसतोच. खरखरीत पृष्ठभाग उजेड चोहोकडे विखुरतो, म्हणून काळे असलेले करडे दिसते. धुतलेल्या अस्तरावर ओला हात फिरवावा. ते क्षणात काळेभोर होते आणि वाळताच पुन्हा करडे पडते, कारण पाण्याने ओरखडे भरून निघतात व पाणी उडाले की ते उघडे पडतात.

बाजारात बाटलीतून मिळणारी बहुतेक चकाकीची द्रव्ये याच तत्त्वावर चालतात. ती म्हणजे लवकर न वाळणारे पाणीच म्हणावयाचे. त्यांनी रूप येते, पण झीज भरून निघत नाही. दोनचार पावसांत ती धुऊन जातात. ज्योत किंवा गरम हवा फिरवून प्लास्टिक काळे करण्याचीही युक्ती काही जण सांगतात. तिचा परिणाम टिकाऊ नसतो, आणि पातळ अस्तर वाकडे होण्याचे भय मात्र खरे असते.

टिकाऊ काम करावयाचे, तर आरंभ रंगाने नव्हे, तपासणीने केला पाहिजे. गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, दुसऱ्या बाजूच्या चाकांस अडसर लावावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावे, मग गाडी उचलावी. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीच्या कमानीत डोके वा हात घालणे हा जिवाशी खेळ आहे; खाली मजबूत स्टॅण्ड दिल्यावाचून पुढे जाऊ नये. चाक काढल्यावर साबणाचे पाणी व ब्रश यांनी अस्तर धुवावे आणि त्याच्या क्लिपा हलक्या हाताने काढून मागे विजेरीचा उजेड टाकावा.

खरी परीक्षा येथे असते. पावसाळ्यात कोकणातून फिरून आलेल्या गाडीच्या अस्तरामागे तांबडी माती आणि कुजलेली पाने यांचा लगदा साचलेला सापडतो. तो ओला लगदा पत्र्यास चिकटून महिनोन्‌महिने राहतो आणि पत्रा आतून खाऊ लागतो. बाहेरच्या रंगावर फोड दिसेपर्यंत आत भोक पडलेले असते. शहरात उभ्या असणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या तारा येथेच दिसतात. लगदा काढून, धुऊन, वाळवून, गंजलेल्या जागी आधी उपचार करावा. क्लिपेच्या भोकापाशी अस्तर चिरलेले असेल, तर ते लोंबून वळणावर टायरला घासू शकते. अशा अस्तरास रंग देणे व्यर्थ आहे. ते बदलणेच योग्य.

अस्तर सांधा धरून असेल, तर रंगाचा विचार करावा. पॉलिप्रॉपिलीनला रंग धरत नाही. मेणावर पाणी पसरत नाही, तसा त्यावर रंग पसरत नाही, आणि वाळला तरी पापुद्र्याने सुटतो. म्हणून खरखरीत स्क्रबरने पृष्ठभाग एकसारखा घासावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवावा, आणि प्लास्टिकसाठी मुद्दाम केलेल्या प्रायमरचा पातळ हात द्यावा. त्यातील क्लोरिनयुक्त द्रव्य प्लास्टिक आणि रंग या दोघांनाही धरून ठेवते. त्यानंतर लवचिक जातीचा मंद काळा रंग दोनतीन पातळ थरांनी, प्रत्येक थर सुकू देऊन, चढवावा. जाड थर एकदम देणाऱ्याचा रंग ओघळतो. हे काम कोरड्या दिवशी, मोकळ्या हवेत आणि नाकास मुखवटा बांधून करावे.

सर्वांत मोठी सावधगिरी ब्रेकविषयी. रंगाचा वा चकाकीच्या द्रव्याचा फवारा ब्रेकच्या चकतीवर अथवा पॅडवर उडाला, तर गाडी हव्या त्या जागी थांबणार नाही. तेव्हा फवारणीपूर्वी तो भाग कागदाने नीट झाकावा. चकाकीचे द्रव्य तर फडक्यावर घेऊनच लावावे. शेवटी चाक बसवून नट समोरासमोरचे असे क्रमाने आवळावे आणि गाडी थोडी चालवून पुन्हा एकदा तपासावे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यासही या माहितीचा उपयोग आहे. विकणारा पुष्कळदा एका बाटलीच्या जोरावर कमानी काळ्याभोर करून ठेवतो. त्या पाहून संतोष मानू नये. बोट फिरवावे, बोटास तेल लागले, तर अस्तर दाबून पाहावे, क्लिपा मोजाव्या आणि शक्य तर मागे काय आहे ते दाखविण्यास सांगावे. प्रामाणिक विक्रेता याचा राग धरीत नाही. आणि मालक स्वतः अस्तराची तपासणी न करता ते केवळ काळे करीत असेल, तर तोही फसवणूकच करतो. फसणारा मात्र तो स्वतःच असतो.

दरवर्षी रंग देण्याचे कारण नाही. पावसाळा सरला की एकदा चाकामागे हात घालावा, माती काढावी आणि पत्रा कोरडा आहे ना ते पाहावे, एवढ्याने पुष्कळ काम होते. दसऱ्याची माळ बांधण्याच्या आधी अर्धा तास या कामी खर्च झाला, तर पूजेत काही उणे पडणार नाही.