माणसांचा व्यापार आणि कायद्याचा आधार
(विहारातील वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजचा विषय जरा जड आहे, पण तो आपल्या दारापर्यंत आलेला आहे. भगवंतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात प्राणिमात्रांचा व्यापार येतो. आपल्या संविधानाचे कलम २३ तर माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी सरळ निषिद्ध ठरवते. मग गुन्हेगाराला शिक्षा झाली, म्हणजे संपले का? ज्या बाईला, ज्या पोराला विकले, त्याच्या पदरात काय पडते, हा खरा प्रश्न आहे.

'माणसांचा व्यापार' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त फसवून आणलेली मुलगी येते. एक वेगळे उदाहरण सांगतो. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना वादळ झाले. त्यानंतर समुद्रातल्या तेल-रिगच्या दुरुस्तीच्या कामासाठी सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने भारतातून सुमारे ५०० वेल्डर, पाइपफिटर नेले. ग्रीन कार्ड मिळेल असे सांगून दलालांनी एकेकाकडून १०,००० डॉलर आणि त्याहून जास्त उकळले. कोणी जमीन विकली, कोणी दागिने मोडले. तिथे गेल्यावर एकेका खोलीत २४ माणसे, आणि त्याचे महिन्याला १,०५० डॉलर पगारातून कापून घ्यायचे! तक्रार केली तर परत पाठवण्याची धमकी. पायात बेडी नव्हती. पण डोक्यावर कर्ज असलेला माणूस जाणार कुठे?

२००८ मध्ये ही मंडळी कामावरून बाहेर पडली, कोर्टात गेली. अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्यात धाक आणि कायद्याचा गैरवापर हीसुद्धा जबरदस्तीच धरली आहे. २००३ पासून पीडिताला स्वतः भरपाईचा दावा लावता येतो. २०१५ मध्ये ज्यूरीने पाच कामगारांना सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर मंजूर केले. कंपनीने दिवाळखोरी पुकारली, पण बाकीच्यांसाठी २ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि कंपनीला माफीही मागावी लागली. अशा पीडितांना तिथे राहण्यासाठी खास 'टी' व्हिसा आहे, मात्र सहसा पोलिसांना तपासात मदत करावी लागते. इटलीचा १९९८ चा कायदा मला याबाबतीत अधिक माणुसकीचा वाटतो. तिथे साक्ष न देताही राहण्याचा परवाना मिळू शकतो. घाबरलेल्या बाईला आधी आसरा द्या, साक्षीचे नंतर बघू!

आपल्याकडे काय आहे? भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ सांगते की, पीडित 'राजी होता' हा बचाव चालत नाही. वेठबिगारीतून सुटलेल्याला मुक्ती प्रमाणपत्र मिळते, आणि २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला १ लाख, स्त्री व बालकांना २ लाख, तर अतिशय गंभीर प्रकरणात ३ लाख रुपयांची तरतूद आहे. पण कागदावर आणि हातात यात फार अंतर असते, हे तुम्हाला मी काय सांगावे!

सुटका म्हणजे पुन्हा कोंडणे नव्हे, हेही लक्षात घ्या. सुटका झालेल्या तीन सज्ञान स्त्रियांना त्यांच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात ठेवता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

आता कामाचे बोलतो. अशा पीडिताला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने वकील फुकट मिळतो. जिल्हा कोर्टातील विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. आरोपी सापडला नाही तरी भरपाईचा अर्ज तिथेच करता येतो. पोलीस "आमची हद्द नाही" म्हणाले तरी हटू नका, फिर्याद कोणत्याही ठाण्यात घ्यावीच लागते. आणि कुणाचा मुलगा परदेशी निघाला असेल, तर दलालाला दिलेल्या पैशांची पावती, करारपत्र आणि पासपोर्टची झेरॉक्स आईच्या पेटीत ठेवूनच त्याला विमानात बसवा.