खुल्या सॉफ्टवेअरची राखण



पेण तालुक्यातल्या जिते गावात एखाद्या शेतकऱ्याने मोबाइलवर ‘किनाऱ्यावर पाऊस आहे’ असा निरोप लिहिला, तर त्यातला ‘ऱ्या’ नीट उमटायला दोन गोष्टी लागतात: फाँटमध्ये त्याची आकृती आणि अक्षरे जुळवणारा ‘हार्फबझ’सारखा सॉफ्टवेअरचा भाग. हा हार्फबझ अँड्रॉइड, फायरफॉक्स, लिबरऑफिस अशा अनेक ठिकाणी काम करतो. त्याचा कोड खुला आहे. तो कोणीही वाचावा, सुधारावा, वापरावा.

पण खुल्या वस्तूलाही राखणदार लागतो. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट खुले केले. पुण्यातल्या प्रवीण सातपुते यांनी त्यांची अनेक वर्षे देखभाल केली. २००८ मध्ये ‘युनिकोड’ या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीच्या ५.१ आवृत्तीत आपला ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून आला, तेव्हा तो फाँटाफाँटात कोणाला तरी बसून घालावाच लागला.

खाडीकाठच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. खाडीचा बांध एकदा घालून भागत नाही. त्यावर चिखल चढवावा लागतो, खेकड्यांची बिळे बुजवावी लागतात. एका जागी हयगय झाली, बांध फुटून खांड गेली, की खारे पाणी सगळ्यांच्याच भातात शिरते.

२०२४ मध्ये जगाने अशी खांड जवळजवळ पाहिली. फाइली लहान करणारा ‘एक्सझेड’ हा भाग असंख्य लिनक्स संगणकांवर असतो. त्याची राखण लासे कोलिन हे एकटे गृहस्थ, विनावेतन करत होते. ते थकले होते. मदतीच्या मिषाने ‘जिया टॅन’ या नावाने कोणी आले, दोनेक वर्षांत विश्वास मिळवला आणि कोडमध्ये चोरवाट ठेवली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने छडा लावला आणि २९ मार्चला ही गोष्ट जाहीर केली. अनर्थ थोडक्यात टळला. एवढ्या जगाचा भार एका थकलेल्या माणसावर सोडणे ही आपल्या सगळ्यांची चूक होती, असे मला मनापासून वाटते.

म्हणून पेण, रोहा, अलिबागच्या महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे: एखादा छोटा भाग निवडा. मराठी फाँट, शुद्धलेखन तपासणी, कळफलक, काहीही. आधी आलेल्या तक्रारी वाचा. तीच चूक आपल्या संगणकावर घडते का ते पाहा आणि नीट लिहून कळवा. मग छोट्या दुरुस्त्या पाठवा. हळूहळू इतरांच्या दुरुस्त्या तपासायचे काम तुमच्याकडे येईल. न पटलेल्या दुरुस्तीला सौम्यपणे नकार द्यायलाही शिका. यासाठी शहरात राहावे लागत नाही. संगणक, इंटरनेट आणि सातत्य पुरते.

आणि जबाबदारी घेतलीत, तर पहिल्या दिवसापासून जोडीला आणखी एक माणूस तयार करा.