आधी कागद, मग काम
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी ‘खरेदी’वर बोलणार हे कळल्यावर माझी नात म्हणाली, “आबा, मग पिशवी घेऊन जा!” पिशवी नाही आणली, पण भोसरीच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातलं थोडं आणलंय.

आपल्या गच्चीची गोष्ट जुन्या सभासदांना आठवत असेल. वॉटरप्रूफिंग झालं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बादल्या मांडाव्या लागल्या. ठेकेदार म्हणाला, “कठड्यालगतचं काम ठरलंच नव्हतं.” आपले तेव्हाचे सेक्रेटरी म्हणाले, ठरलं होतं. ते खरंही होतं, पण तोंडी! फाईलमध्ये होतं एक पानभर कोटेशन आणि पूर्ण पैसे दिल्याची पावती. वार्षिक सभेत त्यांच्यावर प्रश्नांचा भडिमार झाला. पहिला प्रश्न माझा होता. पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला.

त्या कामात काय राहून गेलं, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, आपल्याला काय हवंय ते आधी आपणच लिहायचं. गच्ची किती चौरस फूट, जुना कोबा काढायचा की नाही, कठड्यालगतचं काम धरायचं का, राडारोडा कोण उचलणार. हाच कागद तिन्ही ठेकेदारांना द्यायचा. नाहीतर एक जण चौरस फुटाचा दर देतो, दुसरा ठोक रक्कम सांगतो, आणि आपण आंब्याची तुलना फणसाशी करत बसतो.

दुसरी गोष्ट, तुलनेचा तक्ता. समजा एकाने १,८०,००० रुपये सांगितले, जीएसटी वेगळा. दुसऱ्याने सगळं धरून २,०५,०००. स्वस्त कोण? १८ टक्के जीएसटी धरला की पहिला २,१२,४०० वर जातो. मात्र नुसता आकडा बघू नका. त्याने आधी जिथे काम केलंय, त्या सोसायटीत पावसाळ्यानंतर जाऊन विचारा. आणि ठेकेदार कमिटीतल्या कुणाचा नातेवाईक असेल, तर त्या सदस्याने तसं सभेत सांगून निर्णयातून बाजूला व्हावं.

तिसरी, वर्क ऑर्डर. कोटेशन हा ठेकेदाराचा प्रस्ताव. आपला होकार वर्क ऑर्डरमध्ये असतो. काम, दर, मुदत, हप्ते, हमी, सगळं त्यात हवं, आणि खाली दोघांच्याही सह्या. शेवटचे पाच-दहा टक्के एक पावसाळा निघेपर्यंत राखून ठेवायचे, हेही त्यातच लिहायचं. काम झाल्यावर ही अट कोण मान्य करणार?

चौथी, तीन कागदांचा मेळ. माल मागवला की एक आपली ऑर्डर, दुसरं मालाबरोबर येणारं चलन, तिसरं बिल. ऑर्डर ४० एलईडी दिव्यांची, मोजून मिळाले ३६ आणि बिल ४० चं, तर चेक लिहायचा नाही. म्हणून माल घेणाऱ्याने मोजून, चलनावर मिळालेला आकडा लिहून सही करायची. वॉचमनला “ठेवून घे” म्हणून सांगितलं की हिशोब तिथेच संपला. आणि ‘प्रोफॉर्मा’ लिहिलेला कागद म्हणजे बिल नव्हे, तो फक्त अंदाज असतो.

कुणी म्हणेल, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत एवढे कागद कशाला? विश्वास नाही का? मंडळी, कागद अविश्वासापोटी नसतो. कमिटीवर बिनपगारी काम करणाऱ्या प्रामाणिक माणसाला उद्या कुणी प्रश्न विचारला, तर त्याच्या बाजूने बोलायला कागद लागतो.

कारखान्यात हे सगळे कागद रोज माझ्या टेबलावरून जायचे. गच्चीचं काम निघालं तेव्हा मी दोन जिने उतरून सेक्रेटरींना एवढं सांगू शकलो असतो. तेव्हा गेलो नाही. नंतर जाब विचारायला मात्र सगळ्यांत आधी उभा राहिलो.

ते आज पहिल्या रांगेत बसलेत. साहेब, चूक माझी होती. सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो.

आणि नव्या कमिटीला एवढंच सांगतो, पुढचं कोटेशन आलं की माझी बेल वाजवा. चहा माझ्याकडे.