विजेवरील वाहने आणि फोंड्याची वाहतूक

(फोंडा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विजेवर चालणारे वाहन ही आता कुतूहलाची वस्तू राहिलेली नाही. गोव्याच्या रस्त्यांवर विजेच्या दुचाक्या, मोटारी आणि बसगाड्या दिसू लागल्या आहेत. राज्य शासनाने २०२१ साली विद्युत् वाहनांना उत्तेजन देणारे धोरण स्वीकारले. जानेवारी २०२४ पासून नव्याने येणारी पर्यटक वाहने विजेचीच असावीत, असा मनोदय जुलै २०२३ मध्ये जाहीर झाला. धूर आणि आवाज कमी करणाऱ्या या बदलाचे स्वागतच करावयास हवे. तथापि, एक प्रश्न या स्वागतात हरवून जाता कामा नये. पेट्रोलच्या मोटारीच्या जागी विजेची मोटार आली, तर फोंड्याच्या तिस्कावरची कोंडी सुटेल काय?

एके काळी अंत्रुज महालातील माणसाचा प्रवास बव्हंशी पायी, होडीने व बैलगाडीने होई. पणजीकडे जावयाचे तर दुर्भाट बंदर गाठावे आणि जलमार्ग धरावा, अशी रीत होती. पुढे रस्ते झाले, पूल झाले आणि मोटारी आल्या. गोवामुक्तीनंतर प्रवासी वाहतूक दीर्घकाळ खाजगी बसमालकांच्या हाती होती. १९७८-७९ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलत मिळावी यासाठी मोठे आंदोलन केले आणि त्याने सारा गोवा ढवळून निघाला. त्यापाठोपाठ १९८० साली कदंब परिवहन महामंडळाची स्थापना झाली. सार्वजनिक बस ही गोमंतकाला सहजगत्या मिळालेली देणगी नव्हे. शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी ती मागून घेतली आहे, ही गोष्ट फर्मागुडीच्या टेकडीवर शिकणाऱ्या आजच्या पिढीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आजचे चित्र

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजारांच्या आसपास होती. राज्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या आता त्या आकड्याच्या बरोबरीला येऊन ठेपली आहे. त्यांतील काही जुनी वाहने आज रस्त्यावर नसतील, हे खरे. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील शेकडा ४५ कुटुंबांकडे मोटार असल्याचे आढळले. देशाची सरासरी शेकडा ८ देखील भरत नाही. मोटारींच्या बाबतीत गोवा देशात अग्रभागी आहे.

हे केवळ समृद्धीचे लक्षण मानणे योग्य होणार नाही. कुंडई, मडकई वा बेतोडा येथील औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कामगाराची पाळी रात्री सुटते, तेव्हा गावाकडे जाणारी बस त्याला बहुधा मिळत नाही. शिरोडा, केरी किंवा सावईवेरे येथून शिकावयास येणाऱ्या मुलीचा वर्ग सायंकाळी उशिरा संपला, तर घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. साहजिकच पहिल्या पगाराबरोबर दुचाकीचा हप्ता सुरू होतो, आणि पुढे ऐपत वाढली की मोटारीचा. ज्यांना वाहन चालविता येत नाही अशी वृद्ध माणसे, आणि ज्यांना ते परवडत नाही अशी कुटुंबे मागे राहतात. वाहन बाळगणे ही जेथे हौस न राहता सक्ती होते, तेथे वाहतुकीच्या व्यवस्थेत काही उणे आहे, असेच म्हटले पाहिजे.

या उणिवेची किंमत माणसांच्या प्राणांनीही मोजावी लागते. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी गोव्यात रस्त्यांवरील अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत दुचाकीस्वारांचा भरणा सर्वाधिक होता. ती दुचाकी पेट्रोलची होती की विजेची, याने घरच्यांच्या दुःखात काही फरक पडत नाही.

विजेने काय साधते

पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, उरलेली उष्णता वाया जाते. विजेच्या मोटारीत बॅटरीतील तीनचतुर्थांशाहून अधिक ऊर्जा चाकांना मिळते. शिवाय फर्मागुडीचा उतार उतरताना ब्रेक लावला, की विजेच्या वाहनातील मोटर जनित्राचे काम करते आणि काही वीज परत बॅटरीत जमा होते. वारंवार थांबणाऱ्या आणि चढउतारांवर धावणाऱ्या बसगाडीला हा गुण विशेष उपकारक ठरतो.

परंतु ही वीज कोठून येते, हेही पाहावयास हवे. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरून येते आणि तिचा मोठा भाग कोळशापासून तयार होतो. नव्या वीजवाहिनीसाठी मोले परिसरातील वनजमिनीचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तेव्हा वीज जपूनच वापरली पाहिजे. हिशेब सोपा आहे. विजेवरील मोठ्या बसला एका किलोमीटरला साधारणपणे सव्वा युनिट वीज लागते. तीत ४० माणसे असतील, तर एका युनिटमध्ये एक प्रवासी सुमारे ३२ किलोमीटर जातो. विजेची मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर धावते; तीत दोघे जण असले, तरी प्रत्येकी १२ ते १४ किलोमीटरच पदरात पडतात. विजेची दुचाकी मात्र या हिशेबात बसच्या जवळपास येते. तिच्यात उणे आहे ते सुरक्षिततेचे.

विजेच्या हिशेबाहून जागेचा हिशेब अधिक बोलका आहे. ५० प्रवासी एका बसमध्ये बसले, तर रस्त्याची सुमारे १२ मीटर लांबी व्यापली जाते. तेच प्रवासी दोघे-दोघे मिळून २५ मोटारींतून निघाले आणि प्रत्येक मोटारीला पुढच्या अंतरासह सहा मीटर धरले, तर दीडशे मीटरची रांग होते. मोटार विजेची असली म्हणून ही रांग एका हातानेही आखडत नाही.

नॉर्वे या देशाचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथे २०२४ साली विकल्या गेलेल्या दर १० नव्या मोटारींपैकी जवळजवळ ९ विजेवरच्या होत्या. विजेच्या मोटारींना उत्तेजन म्हणून बससाठी राखलेल्या मार्गिकांतून जाण्याची मुभा देण्यात आली होती. पुढे त्या मोटारी इतक्या वाढल्या, की ओस्लो परिसरात गर्दीच्या वेळी बसगाड्याच अडून राहू लागल्या आणि त्या सवलतीवर बंधने घालावी लागली. याउलट चीनमधील शेंझेन शहराने आपल्या सोळा हजारांहून अधिक बसगाड्या २०१७ च्या अखेरपर्यंत विजेवर आणल्या. शेंझेनने वीज प्रथम सर्वांच्या वाहनाला दिली.

रस्ता किती रुंद करावयाचा?

वाहने वाढली की रस्ता रुंद करा, अशी मागणी होते. फोंड्याहून पणजीस जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर भोम येथे हा प्रश्न किती अवघड होऊ शकतो, ते दिसून आले. तेथे गावातील घरे आणि देवळे रस्त्याला लागूनच आहेत. चौपदरीकरणात ती जातील या भीतीने ग्रामस्थांनी विरोध केला आणि गावाबाहेरून मार्ग काढण्याची मागणी केली. त्या वादाच्या तपशिलात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. त्यातून निघणारा बोध मात्र स्पष्ट आहे. रस्त्यावर येणारी प्रत्येक जादा मोटार कोणाच्या तरी अंगणाची जागा मागत असते. शिवाय रुंद झालेला रस्ता नव्या वाहनांना बोलावतो आणि काही वर्षांतच पूर्ववत् भरून जातो, असा जगभरच्या शहरांचा अनुभव आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने म्हणूनच वाहनांची नव्हे, तर माणसांची ने-आण हे उद्दिष्ट मानले.

काय करता येईल

आरंभ झालेला आहे. केंद्र शासनाच्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातून २०२१ च्या प्रारंभी कदंब महामंडळाच्या ताफ्यात ३० वातानुकूलित विद्युत् बसगाड्या दाखल झाल्या. २०२४ साली पणजी शहरातील अंतर्गत मार्गांवरही विजेच्या बसगाड्या सुरू झाल्या. हाच विचार फोंड्यापर्यंत आणि फोंड्यातून गावोगाव नेणे ही पुढची पायरी होय.

पणजी, मडगाव आणि उसगाव या तीन दिशांना फोंड्याहून ठरावीक अंतराने, रात्री दहापर्यंत बस मिळेल अशी हमी असावी. बस केव्हा येईल हे ठाऊक नसेल, तर ती कितीही आरामशीर असली तरी माणूस तिच्यावर विसंबत नाही. मुख्य मार्गापासून आत असलेल्या गावांसाठी छोट्या विद्युत् बसगाड्या योग्य ठरतील. मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, नागेशी, बांदोडा व कवळे ही देवस्थाने एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. त्यांना जोडणारी फेरी भाविकांच्या, पर्यटकांच्या आणि त्या गावांच्याही उपयोगी पडेल. औद्योगिक वसाहतींतील पाळ्यांच्या वेळा आणि बसच्या वेळा यांचा मेळ घातला, तर शेकडो दुचाक्या घरीच राहू शकतील.

गोव्याचा मोटारसायकल पायलट हा या साखळीतील मोलाचा दुवा आहे. बसथांब्यापासून घरापर्यंतचा प्रवास त्याने अनेक दशके सांभाळला. त्याला विजेची दुचाकी घेण्यास प्रथम साहाय्य व्हावे, कारण त्याचे एक वाहन दिवसभरात अनेकांच्या कामी येते. खाजगी बसमालकांचाही विचार व्हावयास हवा. त्यांच्यापैकी पुष्कळांचा संसार एकेका बसवर चालतो. प्रवासी मिळविण्यासाठी बसगाड्यांत लागणारी जीवघेणी शर्यत थांबावयाची, तर मालकाचे उत्पन्न तिकिटांवर अवलंबून न राहता धावलेल्या किलोमीटरांवर ठरले पाहिजे. खाजगी बसगाड्या कदंबच्या व्यवस्थेत आणू पाहणाऱ्या ‘म्हजी बस’ योजनेमागे हेच तत्त्व आहे.

नगरपालिकेच्या हातीही बरेच आहे. मोटार दिवसाचा बहुतेक काळ उभीच असते आणि तिला सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. बाजारातील एवढी जागा भाजीविक्रेतीने मागितली, तर तिला सोपो भरावा लागतो. मोटारीला मात्र ती अनेकदा फुकट मिळते. वाहने उभी करण्यास वाजवी आकार घ्यावा आणि त्या पैशातून सलग पदपथ व सावलीचे बसथांबे बांधावेत. बसने जाणारा प्रत्येक माणूस आधी पादचारी असतो.

विद्युत् बस डिझेलच्या बसपेक्षा बरीच महाग पडते, आणि सर्व मार्ग फायद्यात चालतील असेही नाही. परंतु रस्ते रुंद करणे, पूल बांधणे आणि अपघातग्रस्तांवर उपचार करणे यांवर होणारा खर्चदेखील जनतेच्याच तिजोरीतून जातो. तो हिशेबात धरला, म्हणजे बस ही तोट्याची बाब वाटणार नाही.

मोटार बाळगणाऱ्यांवर दोषारोप करण्याचा येथे हेतू नाही. आजारी माणसाला नेण्यासाठी, अवेळी प्रवासासाठी तिची गरज राहणारच. मात्र दूध आणावयास, मुलाला शाळेत सोडावयास आणि रोज एकट्याने कामावर जावयास ती काढावी लागू नये, एवढीच अपेक्षा आहे. विद्युत् वाहनांच्या धोरणाचे यश किती मोटारी विकल्या गेल्या यावर मोजू नये. केरी गावातली एखादी विद्यार्थिनी वा कवळे येथील एखादी आजी स्वतःचे वाहन नसतानाही सकाळी फोंड्यास येऊन, आपले काम आटोपून, रात्री सुखरूप घरी पोचू शकते काय, हे त्याचे खरे माप होय. १९७८ साली विद्यार्थ्यांनी बसभाड्याचा प्रश्न धसास लावला. वेळेवर येणाऱ्या विजेच्या बसची मागणी तितक्याच निग्रहाने करणे आणि ती आली म्हणजे तिच्यात बसणे, हे काम आता फोंडेकर नागरिकांचे आहे.